जाड टायर

"उचलून तरी बघ," म्हणत विल्निसनं चाक मुलीच्या हातात कोंबलं. "काही वजन आहे का? फुंकर मारलीस तर उडेल."

मादारानं चाक उचललं आणि तसंच काउंटरवर ठेवलं.

वालमिएरा गावात बीएमएक्स सायकलची चाकं घ्यायची तर रूताच्या दुकानाशिवाय गत नाही. दुधाचा टँकर चालवणारा विल्निस तिथलं जुनं गिऱ्हाईक. पोरगी सहा वर्षांची होती तेव्हापासून तिच्या शर्यतीच्या सायकलला काय लावायचं, ते तोच ठरवत आला होता: अरुंद, जवळजवळ गुळगुळीत टायर आणि त्यात दगडासारखी टणक हवा. आज मादाराचा नावाचा दिवस, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाला दिलेला, वाढदिवसासारखा साजरा होणारा दिवस. भेट म्हणून नवी चाकं घ्यायची होती आणि बापाची छाती सकाळपासूनच फुगलेली होती.

"चालवणार कुठं?" रूतानं विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? ट्रॅकवर!"

"बाबा, मला ती हवीत," मादारा म्हणाली.

कोपऱ्यात एक जोडी टांगलेली होती. रुंद रिम आणि त्यावर लठ्ठ टायर.

"ती? अगं, ती स्केटपार्कात सायकलवरून उड्या मारणाऱ्यांची. असला रणगाडा घेऊन शर्यतीत उतरलीस तर शेवटून पहिली येशील."

"शर्यतीत उतरायचंच नाहीये मला."

रूताला एकदम गोदामातलं काहीतरी काम आठवलं.

"डोकंबिकं फिरलंय का? मागच्या रविवारी तर जिंकलीस!"

"जिंकले. आणि सुरुवातीचं गेट पडायच्या आधी ओकले. दर शर्यतीला ओकते मी."

"ते पिरागींमुळं. कितीदा सांगितलं, सकाळी सकाळी ते डुकराच्या चरबीचे बन..."

"दोन वर्षं झाली, पिरागी तोंडात घातलेला नाही. तरी ओकतेच."

 प्रत्येक शर्यतीच्या सकाळी पोरीच्या बशीतून आपण बन उचलून घ्यायचो, ते आठवून विल्निसला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. आठवडाभर टँकर आणि रविवारी ट्रॅक, एवढाच त्याचा संसार होता. हिनं शर्यत सोडली तर रविवारी जायचं कुठं, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

"आधी का नाही बोललीस?"

"तू इतका खूश असायचास ना."

विल्निसनं हलकं चाक परत खुंटीला लावलं. मग कोपऱ्यातली जाड जोडी उतरवली. हाताला चांगलीच जड लागली.

"रूता, ये बाहेर. ही घेतो," तो ओरडला आणि मादाराकडं वळून हळूच म्हणाला, "बसवून मी देतो. तेवढं तरी करू दे."

"दे की."

"आणि बघायला येऊ?"

"ये. पण ओरडायचं नाही हं. तिथं कुणी ओरडत नाही."

"मग बापानं करायचं काय?"

"नुसतं बसायचं."

संध्याकाळी विल्निस पार्कातल्या काँक्रीटच्या कठड्यावर बसला. ट्रॅकवर त्याच्या आवाजाला गावात तोड नव्हती. इथं मात्र पोरं आपापल्या नादात फिरत होती. मादारा उतारावरून सुटली, समोरच्या चढावरून हवेत गेली, हँडल फिरवलं आणि धाडकन आपटली. विल्निस अर्धवट उठला. तिनं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही. कोपर झटकलं, स्वतःशीच हसली आणि सायकल घेऊन पुन्हा वर चढू लागली.

विल्निस खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.