खिडकीसमोर ठेवलेला प्लाझ्मा

मित्रांनो, मी एक जुना प्लाझ्मा टीव्ही आहे. अंगाने जाड, वजनाने भारी, आणि तासभर चाललो की माझी पाठ चांगलीच तापते. खोटं कशाला बोलू, नवा होतो तेव्हाही मी काही फार देखणा नव्हतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका मोठ्या दुकानात आलो. तिथे छतभर ट्यूबलाइट आणि समोर काचेची भिंत. माझ्या शेजारी एक एलसीडी होता. त्या झगझगाटात त्याचे रंग असे उठून दिसायचे की गिऱ्हाईक सरळ त्याच्याकडेच जायचं. माझ्या काचेत लोकांना दिसायचं ते स्वतःचंच तोंड! एक गृहस्थ तर माझ्यासमोर उभे राहून भांग पाडून गेले. फार वाईट वाटायचं मला.

पण त्या दुकानात टीव्ही दाखवणाऱ्या एक बाई होत्या. काय सांगू तुम्हाला, असं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. "यातला चांगला कुठला?" असं कोणी विचारलं की त्या उलट विचारायच्या, "तुमच्या खोलीत उजेड किती येतो?" उन्हाच्या खोलीला एलसीडी, अंधाऱ्या खोलीला मी. माल खपावा म्हणून त्या कधी खोटं बोलल्या नाहीत.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. त्यांच्या मुलीला घरात सगळे 'खार' म्हणत, कारण ती चालतच नसे, कायम पळत असे. एका मोठ्या स्पर्धेत तिची निवड झाली होती आणि येत्या रविवारी तिची शर्यत टीव्हीवर दाखवणार होते.

"माझ्या वडिलांनीच तिला पळायला शिकवलं हो," ताई म्हणाल्या. "पण आता त्यांचे डोळे अधू झालेत. उजेड सहनच होत नाही, दिवसभर पडदे ओढून आत बसतात. एवढी एक शर्यत तरी दिसू दे त्यांना."

बाईंनी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन लावलं. अंधारात माझा काळा रंग खरा काळा दिसतो, आणि भरधाव पळणाऱ्या माणसाचे पायसुद्धा पुसट होत नाहीत. ताई बघतच राहिल्या.

"हाच द्या मला!"

घरी मात्र घोळ झाला. ताईंच्या यजमानांनी मला बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनजवळ, भल्यामोठ्या खिडकीसमोर मांडलं. नवी वस्तू आल्यागेल्याला दिसायला नको का? ताईंनाही कौतुकाच्या भरात काही सुचलं नाही.

रविवारी दुपारी आजोबा काळा चष्मा लावून, भिंत चाचपत बाहेर आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शर्यतीला अजून अर्धा तास होता.

"बाबा, दिसतंय ना?"

"छान दिसतंय गं! केवढी गर्दी जमलीय मैदानावर. आणि झेंडे तरी किती रंगीबेरंगी!"

ताई जागच्या जागी थबकल्या. माझ्यावर तेव्हा बातम्या सांगणारा एकटा माणूस होता. आजोबांना दिसत होते ते खिडकीबाहेर दोरीवर वाळणारे कपडे, माझ्या काचेत उमटलेले! लेकीला वाईट वाटू नये म्हणून ते अंदाजाने बोलत होते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी दुकानात फोन लावला. "हा टीव्ही परत घ्या, बाबांना काहीच दिसत नाही."

"आधी सांगा, ठेवलाय कुठे?"

"बाहेर. खिडकीसमोर."

"अहो ताई! तिथे ठेवायचा होता तर मी एलसीडीच दिला असता. हा बाबांच्या खोलीसाठी दिला मी तुम्हाला. उचला बघू आधी! आणि आडवा करू नका, उभाच न्या!"

मग काय धांदल उडाली! एका बाजूने यजमान, दुसऱ्या बाजूने ताई आणि शिवण शिकायला येणाऱ्या दोन मुली. मी इतका जड, की मला माझीच लाज वाटली. आजोबांच्या खोलीच्या दाराशी केबल अपुरी पडली, तेव्हा यजमानांनी आतलं कपाटच सरकवून मला उंबऱ्यालगत बसवलं. पडदे ओढले आणि मला सुरू केलं. मुली रेषेवर उभ्या होत्या.

आजोबांनी चष्मा काढला. पिस्तुलाचा बार झाला. आठही मुलींचे कपडे सारखेच, ताईंना आपली लेक सापडेना.

"ती बघ, कडेची!" आजोबा ओरडले. "डावं कोपर बाहेर काढतेय. कितीदा सांगितलं या पोरीला!"

खार तिसरी आली. आजोबा ढसाढसा रडले, आणि या वेळी त्यात उजेडाचा काही दोष नव्हता.

आता माझे सुटे भाग कुठे मिळत नाहीत. उन्हाच्या खोलीत तो एलसीडीच राजा, हे मी आनंदाने मान्य करतो. पण मित्रांनो, माझी एक विनवणी ऐका. घरातलं म्हातारं माणूस 'छान दिसतंय' म्हणालं, की तेवढ्यावर निघून जाऊ नका. घटकाभर त्याच्या जागेवर बसा, आणि तिथून काय दिसतं ते स्वतः बघा.