वस्तादांचा कान

“कसला आवाज? काही आवाज नाही,” असं म्हणत वस्तादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ कानापासून दूर केली. चालू इंजिनाच्या अंगाला टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि दुखणं ओळखायचं, ही त्यांची पद्धत. त्या स्क्रू-ड्रायव्हरला गॅरेजात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

ट्रकचा ड्रायव्हर काही नवखा नव्हता. त्याचं म्हणणं, गाडी चालू केली रे केली की चूं चूं सुरू होतं, दारात उंदराची शेपूट सापडावी तसं. डोकं उठलंय नुसतं. वस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गाडी धड हाकता येत नाही, आणि निघाले इंजिनाचं गाणं ऐकायला!

वस्तादांच्या लेखी जगात शहाणं माणूस एकच होतं, आणि ते रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचं. गिऱ्हाईकं अडाणी, नवे मेकॅनिक पाट्या टाकणारे, आणि मेहुणा म्हणजे तर बायकोच्या भिडेखातर ठेवून घेतलेला धोंडा. इतकी वर्षं झाली, पण त्याच्याकडे काम एकच, डिझेलमध्ये पार्ट धुणं. अलीकडे तर लोकांना धड बोलताही येईनासं झालं होतं. जो तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. बायकोचा आवाज पिचला होता, आणि फोनची घंटी म्हणे कंपनीनंच मेंगळट बनवली होती.

“किडे पडलेत तुझ्या डोक्यात,” वस्ताद ड्रायव्हरला म्हणाले. “ने गाडी.”

तेवढ्यात रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला ओरडला, “वस्ताद, ती चूं चूं बंद करा ना आधी. कानाला दडे बसले इथं.”

रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू येतंय, आणि आपण इंजिनात नाक खुपसून उभे आहोत! त्यांनी घाईघाईनं मूठ पुन्हा कानाला लावली. नुसती घरघर. ज्या कानाच्या जिवावर लांबून लांबून गाड्या यायच्या, तो कधीच दगा देऊन बसला होता. आता हे सगळीकडे पसरणार. बहिऱ्या वस्तादाकडे कोण गाडी आणेल? ड्रायव्हर त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

पार्ट धुणारा मेहुणा उठला आणि हात पुसत इंजिनाच्या पलीकडे येऊन थांबला. आता हा धोंडा काहीतरी बरळणार, असं वस्तादांना वाटलं. मडगार्डवर त्याचं एक बोट मात्र आपटायला लागलं. वस्ताद खेकसणारच होते, की कसले चाळे करतोस म्हणून. पण मेहुणा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होता, आणि मग त्यांना उमगलं. चूं चूं चालू, तोवर बोट चालू.

त्यांनी इंजिनाच्या पट्ट्यावर पाणी मारलं. पट्टा वाजत असला तर पाण्यानं घटकाभर गप्प बसतो. बोट आपटतच राहिलं. म्हणजे पट्टा नव्हे. इंजिन बंद करून त्यांनी पट्टा उतरवला आणि पुन्हा चालू केलं. बोट थांबलं. म्हणजे पट्टा जे फिरवतो, त्यातलंच काहीतरी. आता कानाचं काम उरलं नव्हतं. इंजिन बंद करून त्यांनी एकेक पुली हातानं फिरवली. पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीपाशी बोटांना खरखर लागली. आतलं बेअरिंग सुकून गेलं होतं.

नवीन पुली बसली, पट्टा चढला, गाडी चालू झाली. वस्तादांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. त्यांनी मेहुण्याच्या बोटाकडे पाहिलं. ते निपचित पडलं होतं.

“कान आहे बुवा तुमचा,” ड्रायव्हर म्हणाला. एरवी अशा वेळी वस्तादांनी त्याला चार खडे बोल ऐकवले असते. आज ते “चल, निघ” एवढंच म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

ट्रक गेल्यावर मेहुणा काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले तेवढे दिसले. “पुटपुटू नकोस” हे वस्तादांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि कान पुढे केला.

“परत बोल. मोठ्यानं.”

“म्हटलं, कधीपासून, दाजी?”

वस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर फडक्यानं पुसला, मूठही पुसली, आणि तो मेहुण्याच्या हातात दिला.

“तुम्ही सगळे पुटपुटायला लागलात ना,” ते म्हणाले, “तेव्हापासून.”