पडदा बंद, काम चालू

माझा डावा कान कंपनीचा आणि उजवा ठमीचा. डाव्यात इअरफोन, उजवा मोकळा. मला दिसत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर मला सगळं बोलून दाखवतो, तेही इतकं भरधाव की एकदा इअरफोन निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बोलतोय कसला, लाह्या फुटताहेत नुसत्या!"

काम लिफ्टच्या तक्रारींचं. कुठली लिफ्ट अडकली, कुठलं दार लागत नाही, ते यादीत येतं. मी मेकॅनिक पाठवते, काम झालं की तक्रार बंद करते. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करायची परवानगी मिळाली होती ती तात्पुरती, आणि आज दुपारी यादी पाहून साहेब ठरवणार होते: घरून, की उद्यापासून ऑफिसात. ठमी अजून वर्षाची नाही. अंगावर पिते, वरचं दूध थुंकून टाकते. ऑफिसात या म्हणजे माझ्या लेखी घरी बसा.

म्हणून मी हात जोडत बसले नाही, हात मोकळा करून घेतला. ठमी कडेवर असली की उरतो एकच हात, आणि कीबोर्डच्या तीन-तीन कळा एकदम दाबायला मी काही अष्टभुजा नाही. सगळी कामं एकेका कळेवर आणून ठेवली. ही दाबली की मेकॅनिक रवाना, ती दाबली की तक्रार बंद आणि आपोआप पुढच्या तक्रारीवर उडी. 'नक्की बंद करायची का?' हा प्रश्नसुद्धा काढून टाकला. दर वेळी तो ऐकून घेण्यात जीव जायचा.

सकाळपासून मला चैन नव्हतं. काही चुकलंय का म्हणून तीच यादी वरून खाली, खालून वर ऐकत होते. बाहेरच्या खोलीत सासूबाई फोनवर नणंदेशी बोलत होत्या, हळू आवाजात. हळू बोललं की मला ऐकू येत नाही, असं त्यांना का वाटतं देव जाणे.

"काम कसलं गं! बंद डबड्यापुढे बसलेली असते. कानात बोळा घातला की पोरीचं रडणं नको ऐकायला."

लागलं मला. पण 'बंद डबडं' हा मी टोमणाच समजले. सासूचं बोलणं शब्दशः कोण घेतं?

ठमीने कपडे ओले केले. तिला सासूबाईंकडे देऊन मी ते भिजवायला बाथरूममध्ये गेले. कॉम्प्युटरला कुलूप घातलं नाही, आत्ता येतेच म्हणून. बादलीत पाणी सोडलं, तरी कान बाहेरच. तर टक्, टक्, मग टकटकटकटक, आणि ठमीचं खिदळणं.

"आई, ठमी कुठंय?"

"इथेच, तुझ्या टेबलावर बसवलीय. बोटं चालवतेय अगदी तुझ्यासारखी!"

"उचला तिला! आधी उचला!"

"अगं, बंदच तर आहे ते. काय सोनं झिजतंय?"

धावले. दाराची चौकट खांद्याला लागली. इअरफोन कानात घातला तर आवाज शांतपणे म्हणाला, "यादी रिकामी आहे."

मी इतक्या हौसेने सोपी केलेली कळ ठमीने दाबून धरली होती. एकामागून एक सगळ्या तक्रारी बंद. आणि तक्रार बंद झाली की रस्त्यावरच्या मेकॅनिकला निरोप जातो: परत या.

फोन वाजलाच. धापा टाकत मेकॅनिक म्हणाला, "ताई, लिफ्ट बंद म्हणून जिन्याने चढतोय, हत्यारांची पिशवी खांद्यावर. आता म्हणे तक्रारच बंद. वर जाऊ की खाली?"

"वर! वरच जा, दादा. चूक माझ्याकडून आहे."

"एकदाचं ठरवा बुवा. गुडघे माझे आहेत."

ठमी माझ्याकडे झेपावली, मी तिला कडेवर घेतली आणि एका हाताने कामाला लागले. 'मागे घ्या'ची सोय फक्त शेवटच्या तक्रारीपुरती असते. पानावरच्या एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत बंद तक्रारींपाशी गेले. शेवटचा बदल आधी, अशी मांडणी केली. ओळी ऐकत गेले: हिचं काम कालच झालं होतं, ही सोड, ही आजची, खूण कर, ही पण. सगळ्यांवर खुणा झाल्या आणि त्या एकदम उघडल्या. मग मेकॅनिकांना नवे निरोप. ठमी इअरफोनची वायर ओढत होती, मी मान तिच्या मागे मागे नेत होते.

"पण बंद होतं ना गं ते?" सासूबाईंचा आवाज आता बारीक झाला होता. "स्क्रीन काळाच असतो नेहमी. मी रोज बघते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पडदा काळा ठेवायची एक कळ असते. मला उजेडाचं काय करायचंय? बॅटरी वाचते आणि मागून कोणी डोकावत नाही. कॉलेजपासूनची सवय. घरात बघणारी माणसं आहेत, हे ध्यानातच आलं नव्हतं.

मी ती कळ दाबली.

"अगंबाई!" त्या जवळ आल्या. "केवढं भरलंय हे! पत्ते, नावं... हे सगळं आत चालूच होतं?"

"सकाळपासून."

"मग उजेड का घालवतेस?"

"मला कुठे लागतो, आई?"

"मला लागतो की गं."

मग साहेबांचा फोन आला.

"सगळ्या तक्रारी बंद झालेल्या दिसताहेत, मग परत उघडलेल्या. काय प्रकार आहे?"

"माझ्या मुलीने केलं, सर. खरं तेच सांगते. 'नक्की बंद करायची का?' हा प्रश्न मी काढला होता, तो परत सुरू केलाय आणि आता कुलूप घातल्याशिवाय उठणार नाही."

"घरून काम म्हटलं की हे असंच."

"हो सर. पण एकही मेकॅनिक परत फिरला नाही. उघडायला किती वेळ लागला, तेही तिथे दिसेल तुम्हाला."

पलीकडे माउसची टिकटिक. माझ्या उजव्या कानाशी ठमीचा श्वास.

"हं," साहेब म्हणाले. "महिनाभर आणखी बघू. पण पुन्हा असं झालं तर ऑफिस."

महिनाभर. म्हणजे महिनाभर ही धाकधूक.

सासूबाईंनी ठमीला घेतलं. "चल गं ठमे, आईचं चालू आहे." दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "आणि मघाचं फोनवरचं..."

"राहू दे, आई."

पुढची तक्रार आली. मी ती ऐकू लागले, पण चित्त लागेना. पडद्याची कळ चुकून परत दाबली गेली असली तर? उजळलेला पडदा आणि काळा पडदा, माझ्या बोटांना दोन्ही सारखेच.

"आई, चालू दिसतंय ना?"

"दिसतंय, दिसतंय. तू बघ तुझं."

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं.