कॅबिनेटमधल्या अक्षता

“पाणी तूच सांडलंस, भागुबाई. टेबलाखाली दुसरं कोण हात घालतं?”

हे मी सगळ्या ऑफिससमोर म्हणालो, आणि आवाजही चांगला चढवून. दसऱ्याची सुट्टी संपून अंबडचा आमचा कारखाना त्या सकाळी उघडला होता. बटण दाबलं की टेबलाखालचा माझा कॉम्प्युटर घुर्र करायचा आणि दोन सेकंदांत गप्प. डिस्पॅचचे सगळे कागद त्यात, आणि खाली दोन ट्रक भरून उभे. अशा वेळी माणसाला पटकन कुणीतरी दोषी लागतो. झाडू-पोछा करणारी बाई त्याला सगळ्यात सोयीची.

“मी पिळून पुसते, साहेब. पाणी नाय सांडलं.”

“मग काय भूत आलं होतं?”

दोघं-तिघं हसले. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. भागुबाई पेठ तालुक्यातल्या, चार वर्षं आमच्याकडे. त्यांनी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. आमच्या मॅनेजर उज्वला मॅडम केबिनमधून म्हणाल्या, “योगेश, उद्यापासून दुसरी बाई पाठवायला सांगते कॉन्ट्रॅक्टरला. रोज कोण लक्ष ठेवणार?” मी मान डोलावली. भागुबाई खाली पायरीवर जाऊन बसल्या.

अकराला इमरान आला. आमचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करतो. त्याने वायर दुसऱ्या पॉइंटला लावून पाहिली, मग कॅबिनेटचं झाकण काढून आत बॅटरी मारली. चिमट्याने पंख्याच्या पात्यांतून एकेक तांदूळ काढू लागला. कुंकवात भिजलेले लाल तांदूळ, सोबत झेंडूची एक पाकळी.

“पंखा फिरत नाही, म्हणून मशीन बंद पडतं,” तो हळूच म्हणाला. “पूजा कोणी केली, योगेशभाऊ?”

मीच केली होती, सुट्टी लागण्याआधी. खाली सगळे लेथ मशीनला हार घालत होते, तेव्हा मी कॅबिनेटला कुंकू लावून वरच्या जाळीवर मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. भागुबाईंनी तेव्हा विचारलं होतं, “साहेब, माझ्या बादलीला पण इथंच फूल वाहू का?”

“ते बाहेर, नळापाशी,” मी म्हणालो होतो.

इमरानने तांदूळ कागदात बांधून माझ्या हातात दिले. “मी धूळ होती म्हणून सांगतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

माझी अब्रू राखायला तो खोटं बोलायला तयार होता, आणि माझ्या तोंडात ‘चालेल’ आलंही होतं. त्याची मला आजही लाज वाटते. खिडकीतून पाहिलं, तर भागुबाई आपला डबा पिशवीत भरत होत्या.

मी पुडी मॅडमच्या टेबलावर नेऊन उघडली. त्या हसल्या, “अरे, देवाचंच काम केलंस ना,” आणि दुसऱ्या बाईचा विषय तिथेच संपला. मग मी पायरीवर गेलो.

“भागुबाई, चूक माझी होती. तुम्ही उद्या या.”

त्यांना तुम्ही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. आळ मी सगळ्यांदेखत घेतला होता, माफी मात्र कोणी नसताना मागितली. त्या नुसतं “बरं” म्हणाल्या.

आता त्या रोज येतात. माझ्या टेबलापाशी आल्या की फडकं पिळतात, थेंब थांबला तरी पुन्हा पिळतात, आणि माझ्यासमोर धरतात.

“बघा साहेब, पाणी नाय.”

मी कितीदा म्हणालो, राहू द्या. पण मी मान हलवल्याशिवाय त्या टेबलाखाली वाकत नाहीत.