जयवंताबाईची पाठ

"सत्यवती, हे कपाट शिकणाऱ्याले उघडून देजो वं. नुसतं पाहणाऱ्याले नाही. मी त्या बायांले शब्द देल्ला हाये."

भागीरथाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि आवाज असा खोल गेला होता की सत्यवतीबाईंना वाकून ऐकावं लागलं. त्यांनी नुसतं "हो काकू" म्हटलं. त्यांचं बोलणं एरवीही एवढंच, आणि तेही इतक्या हळू की विद्यालयाच्या ग्रंथालयात शेजारच्या टेबलाशी बसलेल्यालाही कळू नये. पण त्यांच्या लेखी 'हो' म्हणणं म्हणजे संकल्पाचं पाणी सोडणं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी, सोमवारी मीठ न खाणारी बाई ती. धरलेलं सोडणं त्यांना ठाऊक नव्हतं.

कपाट होतं भागीरथाबाईंच्या यजमानांचं. डॉक्टर देवराव गहुकर. फिजिओथेरपी हा शब्द नागपुरात कुणी ऐकलाही नव्हता, तेव्हा त्यांनी महाल भागात भाड्याच्या जागेत मालिश आणि व्यायाम करवून लुळे हातपाय चालते करायचं काम मांडलं. लोक 'मालिशवाला डॉक्टर' म्हणून हसत. त्यांनी हसू दिलं आणि कुठून कुठून जुनी पुस्तकं जमवली. मालिशची, दोरी-कप्पीच्या व्यायामाची, विजेच्या झटक्याने मेलेले स्नायू जागे करण्याची, गरम वाळूच्या शेकाची. काही इंग्रजी, काही जर्मन. जर्मन त्यांना वाचता येत नसे, पण चित्रं कळत. आणि खालच्या फळीवर त्यांनी स्वतः बांधून घेतलेले जाडजूड खंड. त्यांत त्यांच्याच रोग्यांचे फोटो. आला तेव्हा असा, गेला तेव्हा असा, आणि मधल्या पानांवर काय काय केलं ते बारीक अक्षरात.

पुरुषांचं ठीक होतं. पण कणा दाखवायचा तर बाईलाही पाठ उघडी टाकावी लागे, आणि त्या बाया काटोल-नरखेडकडच्या, शेतावर राबणाऱ्या. दुखणं सोसतील, मरतील, पण पदर ढळू देणार नाहीत. मग भागीरथाबाई स्वतः आत उभ्या राहत. दार लावून घेत. फोटो निघाला की त्या बाईची खणानारळाने ओटी भरत आणि म्हणत, "हे शिकणाऱ्यांसाठी हाये, माय. दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडणार नाही." ओटीत घातलेला शब्द. त्यावर त्या बाया विश्वासल्या.

डॉक्टर गेले, मग कपाट फिजिओथेरपीच्या विद्यालयाला आलं, आणि किल्ली तिथल्या ग्रंथपाल सत्यवतीबाईंच्या पदराच्या टोकाला.

त्या साली विद्यालयाचा रौप्यमहोत्सव होता. दसऱ्याला उद्घाटन, मंत्री येणार, आवारात मोफत तपासणीचं शिबिर, आणि हॉलमध्ये प्रदर्शन. महोत्सव समितीचे चिटणीस मधुकरराव एका दुपारी फोटोग्राफर श्रीधरला घेऊन ग्रंथालयात आले. तोंडात पान होतं. संस्थेचं पत्र दाखवून त्यांनी कपाट उघडवून घेतलं.

"बाई, येवढा खजिना दाबून बसल्या होत्या तुम्ही?"

"शिकणाऱ्या मुलांना देते मी," सत्यवतीबाई म्हणाल्या. "इतरांसाठी नाही ते."

"काय म्हणाल्या?"

"इतरांसाठी नाही."

"आता आम्ही इतर झालो का गा, श्रीधर?" मधुकरराव हसले आणि त्यांनी खालच्या फळीवरचा खंड ओढून टेबलावर आपटला. मग बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. परत जिभेला, परत पान. चुन्याकाताने रंगलेली ती जीभ, तिच्यावर लोळून आलेलं ते ओलं बोट, आणि ते कागदावर जिथे टेकत होतं तिथे कुणाची मान होती, कुणाचा खांदा. पानाच्या कोपऱ्यावर तांबूस ठसा उमटे आणि त्याच्याशी लाळेची एक चकाकी राही. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी ही माणसं. थुंकी लावताना मात्र कुणाला काही वाटत नाही.

"पाहून राहिला का?" मधुकरराव एका पानावर थांबले. "त्या वक्तच्या बाया काय तब्येतीच्या असत. आताच्या पोरींच्या पाठी म्हणजे कापूस वेचून सुकलेली पऱ्हाटी."

"पऱ्हाटीले काटे तरी नसतात, साहेब," श्रीधर म्हणाला, आणि दोघं खिदळले.

सत्यवतीबाईंना वाटलं, ते बोट आपल्याच पाठीवरून फिरलं. त्या उठून नळाशी गेल्या. हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. परत आल्या तेव्हा श्रीधर दोन-तीन खंड बगलेत मारून निघालाही होता.

चार दिवसांनी खंड परत आले. त्यांनी कोरड्या फडक्याने एकेक पान पुसलं. डाग गेले नाहीत. पुसता पुसता त्यांना आणखीही दिसलं. कुणी पूर्वीच ब्लेडने एक पान सफाईने कापून नेलं होतं. दुसऱ्या एका बाईच्या फोटोवर शाईने काय काढलं होतं ते पाहून त्यांनी डोळेच मिटले. म्हणजे शिकणारेही हेच करत होते. आणि आपण दर दसऱ्याला कपाटाच्या कुलपाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. आत काय चाललंय ते एकदा पाहिलं नाही. त्यांना त्या मुलांची किळस आली, मधुकररावांची आली, आणि आपल्या त्या कुंकवाचीही आली. त्या रात्रीचं फराळाचं ताट त्यांनी तसंच सरकवून ठेवलं.

खंडेनवमीला विद्यालयात यंत्रांची पूजा असे. शेकाचं यंत्र, कप्प्या, वजनं, सगळ्यांना झेंडूची माळ. सत्यवतीबाई सकाळीच हॉलमध्ये गेल्या. नवरात्रात त्या अनवाणी असत. दारातच पायाला काही ओलसर, चिकट लागलं. कुणीतरी पिंक टाकून वर पाण्याचा तांब्या ओतला होता. पाय पायरीला घासत त्यांनी वर पाहिलं आणि घासायचं विसरल्या.

भिंतभर फोटो. खंडांतले फोटो हातभर मोठे करून, काचेच्या चौकटीत. बायकांचेही. प्रत्येक चौकटीला चंदनी हार घातलेला, काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट, खाली उदबत्ती. मेलेल्या माणसाच्या फोटोला करतात तसं सगळं. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या चौकटीत, जयवंता. कमरेपर्यंत उघडी पाठ, कणा कोयत्यासारखा वाकलेला, दोन्ही हात छातीशी घट्ट. फोटोवाल्याने हाक मारली असावी. मान मागे वळलेली. कपाळावरचं गोंदण स्वच्छ दिसत होतं. हार तिच्या उघड्या खांद्यांवरून खाली आला होता आणि कुंकवाचा ओघळ पाठीवर उतरला होता.

ही जयवंता जिवंत होती. काटोलला दोन मुलं, सुना, नातवंडं, संत्र्यांची बाग. आंब्या बहाराची संत्री उतरली की दरवर्षी पिशवी भरून एस.टी.ने नागपूरला यायची. आधी भागीरथाबाईंकडे, त्या गेल्यावर ग्रंथालयात. संत्री टेबलावर मांडून म्हणायची, "मायच्या मागं तूच वं आता." ताठ चालायची. ही पाठ कधी वाकली होती हे तिच्या सुनांनाही ठाऊक नव्हतं. आणि उद्या शिबिराला काटोलच्याच गाड्या भरून माणसं येणार होती.

मधुकरराव माळा मोजत होते. सत्यवतीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, हा फोटो काढा. बायकांचे सगळेच काढा."

"काहून? हार घातला, कुंकू लावलं, आणखी काय मान द्यायचा? तुम्ही देवाचं पाहा बाई, आम्ही सायन्सचं पाहतो."

"ती जिवंत आहे."

मधुकररावांनी माळ खाली ठेवली. "कोण?"

"ही. जयवंताबाई. काटोलला असते."

सत्यवतीबाईंना वाटलं, आता यांना लाज वाटेल. जिवंत बाईच्या फोटोला हार म्हणजे केवढा अपशकुन, हे तरी कळेल. मधुकररावांनी हार काढला खरा, जीभही चावली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! हे पहिले काहून नाही सांगितलं? बोलवा ना तिले! साडीचोळी देऊ, मंत्र्यांच्या हस्ते नारळ देऊ. इकडं फोटो, इकडं बाई. तेव्हाची पाठ अन् आताची पाठ. स्टेजवर जरा पाठमोरी उभी केली म्हणजे पब्लिकच्या लक्षात येईल. पेपरात फोटो येईल, बाई."

शिडीवर चौकटी सरळ करत असलेल्या श्रीधरने मान वळवली.

"पाठमोरी," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"हो ना. पदर जरा..." मधुकररावांनी हाताने पदर बाजूला सारल्याची खूण केली. ओठाच्या कडेला कात सुकला होता. "पत्ता सांगा. जीप पाठवतो आत्ता."

सत्यवतीबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"पत्ता मी देणार नाही."

"काय म्हणाल्या?"

या खेपेला त्या परत बोलल्या नाहीत. साहेबांना ऐकू गेलं होतं.

मधुकररावांचा आवाज चढला. संस्थेची वस्तू, संस्थेचं प्रदर्शन, तुम्ही नोकर, असं बरंच झालं. मग पूजेला पुरोहित आले म्हणून ते बाहेर गेले. जाता जाता म्हणाले, पत्ता शिबिराच्या कागदांतून काढता येतो, काटोल काही लंकेत नाही.

हॉलमध्ये श्रीधर, शिपाई कवडू आणि त्या एवढेच उरले.

"कवडू," त्या म्हणाल्या, "शिडी इकडे घ्या."

"बाई, साहेब मले खाऊन टाकतील ना."

"शिडी धरा नुसती. चढते मी."

नऊवारीचा काचा खोचून ती अनवाणी बाई शिडी चढली तेव्हा कवडूने तोंड फिरवलं आणि शिडी दोन्ही हातांनी आवळून धरली. बायकांच्या सगळ्या चौकटी एकेक करून उतरल्या. हार त्यांनी कोपऱ्यात टाकले. काचेवरचं कुंकू पुसताना ते बोटांना चिकटलं, गंध मिसळलेलं, थंड. बाकीच्या चौकटी कवडूने ग्रंथालयात नेऊन कपाटात ठेवल्या, कुलूप लागलं. जयवंताची त्यांनी खाली ठेवली.

"ती काच द्या," त्या श्रीधरकडे वळल्या. "फोटो जिच्यावरून मोठा केला ती."

"निगेटिव्ह म्हणता का?" श्रीधरने खाली पाहत खिशातून पाकीट काढलं. "सगळ्या बायांच्या ह्याच आहेत. दुसरी कॉपी नाही, बाई. खरंच नाही." मग म्हणाला, "माझ्या मोठ्या बहिणीले कुबड आहे."

"मग त्या दिवशी हसलात कशाला?"

उत्तराची वाट न पाहता सत्यवतीबाईंनी पाकीट घेऊन कमरेला खोचलं.

तपासणीच्या टेबलावरची धुतलेली चादर घेऊन त्यांनी चौकट गुंडाळली, वर सुतळी बांधली. बाहेर पूजा आटोपत होती. मधुकरराव प्रसाद वाटत आत आले आणि रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिले.

"बाई, हे काय?"

"बायकांचे फोटो कपाटात ठेवले. हा एक घेऊन चाललेय."

"कुठं? मेमो देईन मी. नोकरी जाईल तुमची."

"द्या मेमो. तिची पाठ आहे, तिला विचारते. ती लाव म्हणाली तर उद्या सकाळी मी स्वतः लावीन. जाळ म्हणाली तर तिच्यासमोर जाळीन."

मधुकररावांनी प्रसादाची वाटी तशीच पुढे केली, सवयीने. सत्यवतीबाईंनी त्या वाटीत बुडालेल्या बोटांकडे पाहिलं आणि प्रसाद घेतला नाही. जन्मात पहिल्यांदा.

फाटकाशी कवडू मागे धावत आला. "बाई, घरी अखंड दिवा हाये ना तुमचा? संध्याकाळी तेल?"

त्या थांबल्या. घटाजवळची समई सकाळी भरली होती. दिवेलागणीपर्यंत पुरेल, पुढे नाही. नवव्या दिवशी दिवा विझणं म्हणजे काय, हे त्यांना सांगायला कुणी नको होतं.

"शेजारच्या भीमाबाईंना सांगा, जमलं तर घालतील," त्या म्हणाल्या. "नाही जमलं, तर नाही."

"अन् काटोलहून परतीची शेवटची गाडी चुकली, मंग?"

"मग जयवंताकडे राहीन. तिच्या सुनांपुढे हे उघडायचं नाही, तेवढं जपायचं आहे."

उन्हं चांगलीच तापली होती. डांबर पायाला पोळत होतं. कडेकडेने, जिथे सावली पडली होती तिथून, त्या चालत राहिल्या. स्टँडवर काटोलची गाडी लागली होती. दसऱ्याला गावी निघालेल्या माणसांनी ती भरत आली होती. कंडक्टरने पुडकं टपावर टाकायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, चढल्या, खिडकीशी जागा धरली आणि ते मांडीवर उभं घेतलं, काचेची बाजू आपल्याकडे करून.