हललेला फोटो

बिझर्त बंदरातल्या फोटो मंडळात सगळे त्याला आदराने 'सी शाझली' म्हणत, आणि तिथे त्याचा शब्द शेवटचा असे. एका फोटोसाठी तो आठ-आठ दिवस घालवी. आधी वहीत पेन्सिलीने चौकट आखायची, ऊन कधी कुठल्या पायरीवर येतं ते टिपायचं, मगच कॅमेऱ्याला हात लावायचा. बेयाचं अगदी उलट. सार्डिन मासळीच्या कारखान्यात डबे भरणारी ही पोरगी कॅमेरा छातीशी धरून, न बघताच खटका दाबायची.

एका बैठकीत शाझलीने तिच्या एका रोलचे छत्तीसही फोटो फळ्यावर टाचले. "बघा मंडळी. पस्तीस मेले, एक वाचला. याला नजर म्हणायचं? ही तर लॉटरी!"

सगळे हसले. बेयाचे कान लाल झाले. "पण सी शाझली, जो वाचला तो जिवंत आहे ना? तुमचे तर जन्मतःच इस्त्री करून येतात."

आता कुणी हसलं नाही. शाझलीने ते मनात ठेवलं.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोचं, मंडळात जिला आदराने 'लल्ला' म्हणत त्या वसीलाचं, पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं. तिचा शेवटचा फोटो आपल्या हातून सर्वांत उत्तम निघावा, असं शाझलीने ठरवलं. तीन आठवडे त्याने खिडकीतलं ऊन मोजलं. उजेड तोंडावर टाकायला पांढरा पुठ्ठा धरणारं कुणी हवं होतं. त्याने मुद्दाम बेयाला बोलावलं. काम कशाला म्हणतात ते हिलाही कळू दे.

"हनुवटी खाली. अजून. ती उशी काढ पाठीची, चौकटीत येते."

उशी काढली तशी वसीलाला कळ आली. "पाणी दे रे."

"ऊन जाईल. पाचच मिनिटं."

पाचाची चाळीस झाली. बेया पुठ्ठा खाली ठेवून पाण्याकडे वळली.

"जागची हलू नकोस!" शाझली ओरडला.

वसीलाने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. बेयाच्या गळ्यात कॅमेरा होताच. खटका वाजला.

मंडळातल्या सगळ्यांचे रोल शाझलीच धुऊन द्यायचा. लाल दिव्याखाली, रसायनातल्या कागदावर बेयाच्या रोलमधला वसीलाचा चेहरा वर आला. राग असता तर त्याने सोसला असता. पण घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं, आणि हा कधी जातो याची वाट पाहावी, तशी ती बघत होती. खिडकी अर्धी कापलेली, चौकट तिरकी. तरी त्यातलं काही इंचभर सरकवता आलं नसतं. असं आपल्याला तीस वर्षांत एकदाही जमलं नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

त्याने तो कागद फाडला आणि निगेटिव्हचे कात्रीने बारीक तुकडे केले.

"त्या पोरीने काढलेला कसा आला?" वसीलाने विचारलं.

"हललेला. टाकला."

"मी तर हलले नव्हते." ती हसायला लागली आणि हसता हसता खोकल्याने बेजार झाली. मग दम घेऊन म्हणाली, "तुझा भिंतीवर लावू नकोस हं, सी शाझली. त्यात कुठलीही बाई बसवता आली असती."

फेब्रुवारीत ती गेली. चाळिसाव्या दिवशी, दुखवट्याच्या जेवणाला शाझलीने आपलाच फोटो मोठा करून लावला. कुसकुसच्या ताटांवर बसलेल्या बायका म्हणत होत्या, "किती शांत दिसते!" तो प्रत्येकीला उजेड कुठून घेतला ते समजावत होता.

बेया आली. "सी शाझली, तुम्ही हललेला म्हणालात तो माझा फोटो मला द्या. लल्ला वसीलांनी निरोप पाठवला होता, तो मागून घे म्हणून."

"टाकला म्हणालो ना."

"तुम्ही? तुम्ही तर कुणाचा जळका रोलसुद्धा टाकत नाही."

शाझलीने आवाज चढवला. "बघा हो, मयताच्या घरी ही बाई भांडायला आलीय!"

वसीलाच्या नणंदा उठल्या. एकीने बेयाचा दंड धरला, दुसरीने तिचे जोडे रस्त्यावर फेकले. बेया अनवाणीच पायऱ्या उतरली.

ती पुन्हा मंडळात फिरकली नाही. शाझली आणखी नऊ वर्षं अध्यक्ष राहिला. नवं माणूस आलं की तो आधी त्याला घरी नेई, वसीलासमोर उभं करी आणि खिडकीतलं ऊन कसं वापरावं ते शिकवी.