सामन्याच्या दिवशीचा उपास

आमच्या ह्यांना कोचिंगचं वेड. वेडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. दिवसभर बँक आणि सकाळ-संध्याकाळ बॅडमिंटन कोर्ट. लखनौच्या निशातगंजमधल्या घरी हे फक्त झोपायला यायचे. आमच्या सानिकाला वडिलांशी बोलायचं असलं की बिचारी कोर्टवर जाऊन उभी राहायची. तेही मी चालवून घेतलं. पण आपला खेळाडू फायनलला गेला की सामना संपेपर्यंत हे घास तोंडात घालत नसत; आपण खाल्लं की खेळाडू हरतो, अशी ह्यांची समजूत. डायबेटिसची गोळी मात्र घ्यायचे! एका वर्षी असेच साखर उतरून कोर्टशेजारी कोसळले. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मीही सांगून टाकलं, आता एकदा जरी उपाशी राहिलात तर कोचिंग बंद.

२००९ च्या डिसेंबरात इथे लखनौलाच निवड स्पर्धेची फायनल होती. मलिहाबादची हिमानी, ह्यांची लाडकी खेळाडू, पहिला गेम हरली, दुसरा कसाबसा जिंकली. मी सानिकाबरोबर गॅलरीतून बघतेय तर ह्यांचे हात थरथरताहेत, कपाळ घामानं डबडबलंय. आणि मी दिलेला डबा तसाच बंद! माझं डोकंच फिरलं. लाजबीज गुंडाळून ठेवली, कठड्यापाशी गेले आणि ओरडले, "हिमानी, तेरे सर ने सुबह से कुछ नहीं खाया!"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. हे तर मला खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते. हिमानीनं बॅगेतून केळी काढून त्यांच्यापुढे धरली.

"सर, पहले खाइए. फिर मैं खेलूँगी."

पंचांनी बोलावलं तरी पोरगी हलेना. शेवटी ह्यांनी दोन केळी कशीबशी कोंबली, तेव्हा ती कोर्टवर गेली.

तिसऱ्या गेमच्या मध्यावर बाजू बदलल्या, तोवर ह्यांचे हात स्थिर झाले होते. समोरची मुलगी दमलीय, तिला मागे पळव, असं ह्यांनी हिमानीला नीट समजावलं. आणि हिमानीनं असं पळवलं म्हणता! शेवटचा पॉइंट मिळाला तेव्हा मी आणि सानिका गळ्यात गळे घालून रडत होतो.

हे जिना चढून वर आले. मला वाटलं, आता चारचौघांत भांडण होणार. पण लहान मुलासारखे म्हणाले, "पद्मा, मी खाल्लं, तरी ती जिंकली."

मी म्हटलं, "अहो, खाल्लंत म्हणून जिंकली."

हे सानिकाच्या शेजारी बसले आणि तिला विचारलं, "तू जेवलीस का गं?"